चढती कमान

"इथवर यायला फार त्रास झाला का?" खुर्चीत टेकता टेकता मुलाखत घेणाऱ्या डॉ. लोरेटा बोशे यांनी विचारलं.

वेस्ली टोर्गरसन सावरून बसला. बाईंनी पहिल्याच प्रश्नात दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. मेडिकलच्या प्रवेशासाठी त्याचा हा तिसरा अर्ज. आधीच्या दोन्ही खेपेला मुलाखतीचं बोलावणंसुद्धा आलं नव्हतं, आणि त्याचं कारण त्याला पाठ होतं: पदवीची गुणपत्रिका. यंदा कसं कोण जाणे, बोलावणं आलं. ही खेपही वाया गेली तर डॉक्टर व्हायचा नाद सोडायचा आणि निवृत्तीपर्यंत रुग्णवाहिकेवर नोकरी करत राहायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

त्याची बहीण ग्रेचेन हिने त्याच्याकडून आठवडाभर घोकंपट्टी करून घेतली होती. ती नर्स, त्यामुळे डॉक्टरांच्या डोक्यात काय चालतं ते आपल्यालाच कळतं, असं तिचं ठाम मत. प्रवेश समितीवाले नुसते मार्क बघत नाहीत, कमान चढती आहे की उतरती ते बघतात, असं ती सांगायची. पहिल्या वर्षी आपटलास ते एका वाक्यात उरक, खापर कुणावर फोडू नकोस, आणि पुढचे 'ए' सांगत सांगत वर चढ. आपटण्याचं कारण म्हणून तिने एक लांबलेला तापही शोधून ठेवला होता. "ताप बरा," ती म्हणाली होती. "आजी नको. सगळ्यांच्या आज्या त्याच सत्रात मरतात."

तेव्हा वेस्ली चढायला निघाला. पण आपटण्याचं ते एक वाक्य काही संपेना. रसायनशास्त्रात 'सी'. जीवशास्त्रात 'सी'. भौतिकशास्त्र मध्येच सोडलं, म्हणून तिथे नुसताच 'डब्ल्यू'. सेंद्रिय रसायनात तर सरळ 'डी', तो विषय पुन्हा द्यावा लागला. "पहिल्या सत्रात 'ए' एकच होता," कुणी न विचारता तो बोलून गेला, "कर्लिंगमध्ये." बर्फावरून धोंडे सरकवायच्या खेळात पहिला आलेला माणूस लोकांची काळजं तपासायला निघालाय, हे सांगताना त्याचं त्यालाच हसू आलं. बाई हसल्या नाहीत. मग तो आणखी बोलत सुटला.

तापाची पाळी आली, तेव्हा ताप तोंडातून बाहेरच पडेना. बोशेबाई इतक्या निवांत नजरेने बघत होत्या, की त्यांना खोटं सांगायची त्याला लाज वाटली. मग खरं तेच बाहेर आलं. गावच्या शाळेत तो दरवर्षी पहिला यायचा, कारण वर्गात मुलंच मूठभर. वासरांत लंगडी गाय शहाणी. विद्यापीठात शेकडो मुलांमध्ये जाऊन बसल्यावर गाईला पहिल्यांदा आपला पाय दिसला. काही समजलं नाही तरी विचारायची चोरी. प्राध्यापकांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचा, आत कुणी दिसलं की कोपऱ्यातल्या नळावर पाणी पिऊन परत फिरायचा. त्या वर्षी अभ्यास झाला नाही, पण पाणी भरपूर झालं.

"मला कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं, डॉक्टर," तो म्हणाला. "ते म्हणायला मला दोन वर्षं लागली. म्हणायला लागलो आणि मार्क सुधारले. कमान वगैरे काही नाही."

आमच्या मिनेसोटात बोलणाऱ्याला मध्येच तोडणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलण्यासारखं. बोशेबाईंनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"मी रस्त्याचं विचारत होते," त्या हळूच म्हणाल्या. "पहाटेपासून बर्फ पडतंय ना, म्हणून."

वेस्लीने खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ पडतच होतं. रस्ता बरा होता, असं त्याने सांगितलं. निदान हे उत्तर बरोबर आलं असावं.

पण बाईंचं सांगून संपलं नव्हतं. या कॉलेजात मुलाखत घेणाऱ्याला उमेदवाराचे मार्क दाखवतच नाहीत. समोरच्या माणसाबद्दल आधीच ग्रह होऊ नये म्हणून तशी पद्धत. त्यांच्याकडे त्याचं फक्त नाव होतं.

वेस्लीला हसावं की रडावं कळेना. त्या अख्ख्या इमारतीत ज्या एका बाईला त्याचा 'डी' ठाऊक नव्हता, तिला त्याने तो घरपोच नेऊन दिला होता, तोही कर्लिंगसकट. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतात तो असा. धोंडे सरकवायचा एवढा सराव कुठेतरी कामी यायचाच. तुमचा वेळ घेतला, माफ करा, असं पुटपुटत तो उठला आणि कोट उचलला. ग्रेचेनला फोनवर काय सांगायचं, याची त्याने मनात जुळवाजुळवही सुरू केली.

"बस," बोशेबाई म्हणाल्या. "मार्क बघणारे वेगळे असतात. त्यांनी तुझे सगळे मार्क बघितले, हा 'डी'सुद्धा, आणि ते बघूनच तुला बोलावलं. नको असतास तर तेव्हाच नाही म्हणाले असते."

वेस्ली कोट हातात धरून तसाच उभा राहिला.

"तो 'डी' अजून सोडायला तयार नाही असा परीक्षक आता एकच उरलाय," त्या म्हणाल्या, "आणि तू त्याला सोबत आत घेऊन आलायस. त्याला जरा बाहेर बाकावर बसवून ये. मग आपण मुलाखत सुरू करू."