पार्वतम्माची डबी

पार्वतम्माने तिसऱ्यांदा डबी परत केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

सारजाबाई डबी घेऊन खाटेशी उभी राहिली. सोलापुरातल्या त्या वृद्धाश्रमात अठ्ठावीस म्हातारी माणसं, आणि त्यांचं करायला ही एकटी. पार्वतम्माचा खोकला महिनाभर हटत नव्हता. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, बुधवारी थुंकी तपासायला मिळाली नाही तर म्हातारीला आश्रमात ठेवता येणार नाही. तिला जायला जागा कुठली? तिच्या गावी, दुधनीत, तिचं नाव विचारणारंही कुणी उरलं नव्हतं.

“माझ्या मालकाची आदी थुंकी नेली, मागनं त्यांना नेलं. परत आलेच न्हाईत,” पार्वतम्मा म्हणाली. “मला काय बी झालं न्हाय. उगं ठसका हाय. तू माझी लेक हायस की, मला धाडू नको.”

सारजाबाईचं काळीज तुटलं. तिने आपल्या अकलेने बेत आखला. म्हातारीची खाट व्हरांड्यात हलवली. ताट-तांब्या वेगळा केला, तो ती स्वतः उकळत्या पाण्यातून काढी. बाकीच्यांचं मात्र पूर्वीसारखंच चालू होतं. रेशनच्या मिलोची, त्या लाल परदेशी ज्वारीची, भाकरी दुधात कुस्करायची, फुंकर घालायची, चाखून बघायची आणि मग बोळक्या तोंडांत घास भरवायचा. तिची स्वतःची चोळी अलीकडे सैल झाली होती, पण इतक्यांमागे पळणाऱ्या बाईच्या अंगाला काय लागणार? दहा वर्षं गिरणीत काढल्यामुळे घशात कापसाची पिंज बसली होती. सकाळी एकदा खाकरलं की दिवसभर तक्रार नसे.

मंगळवारी पार्वतम्माने तिचे पाय धरले. वयाने आईसारखी बाई पाया पडली, तेव्हा सारजाबाईला रडूच कोसळलं.

बुधवारी सकाळी ती मोरीत गेली, नेहमीसारखी खाकरली आणि पार्वतम्माच्या नावाची डबी भरून ठेवली. पाप लागलं तर लागो, म्हातारीची खाट तर राहील.

आठ दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. पुढच्या बुधवारी डॉक्टर थेट स्वयंपाकघराच्या दारात आले. मागे अंगणात दवाखान्याची गाडी उभी होती. सारजाबाई परातीत भाकरी कुस्करत होती. चोरी पकडली गेली, आता पाय धरून खरं सांगून टाकायचं, असं ठरवून ती उठली.

पण डॉक्टर रागावलेले नव्हते.

“तिला वेगळं ठेवलंत, फार शहाणपण केलंत, सारजाबाई. बाकीची सत्तावीस माणसं वाचली. त्या डबीत क्षय निघालाय.”