फळी

खाडीकाठच्या पायवाटेवर नातीच्या कुत्र्याला, पेढ्याला, फिरवणं हे माझं रोजचं काम. त्या सकाळी चिखलात उड्या मारणारी निवटी मासोळी दिसली आणि पेढ्याने माझ्या हातातला पट्टा हिसकून खाली झेप घेतली. ओहोटीचा चिखल, पोटापर्यंत रुतला आणि केविलवाणा भुंकू लागला.

“फायर ब्रिगेडला फोन केलाय आजी, अर्ध्या तासात येतील,” लॅब्रेडॉरवाली मुलगी म्हणाली.

“तोवर भरती येईल गं.”

तिवरांच्या मुळांशी पाणी चढायला लागलंच होतं. पायवाटेचा रखवालदार काठी घेऊन पुढे झाला, पण दुसऱ्याच पावलाला गुडघाभर रुतून मागे फिरला. तेवढ्यात मला कुंपणाला टेकवून ठेवलेली लांब लाकडी पाटी दिसली. साठ वर्षांपूर्वी इथे पायवाट नव्हती. आई अशाच फळीवर एक गुडघा टेकायची, दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलायची आणि निवट्या धरायला होडीसारखी सरकत जायची. मागे मी बसलेली असायची.

मी पदर खोचला, पाटी चिखलावर आडवी टाकली आणि तिच्यावर गुडघा टेकला. गुडघा कुरकुरला, पण पाय काही विसरला नव्हता. पेढ्याला उपसून फळीवर घेतलं आणि सरकतच परत आले.

“आजी, पाटीवर काय लिहिलंय वाचलंत का?” रखवालदार ओरडला. “खाडीत उतरण्यास सक्त मनाई!”

“वाचलं की. म्हणून तर वरून गेले. उतरलात तुम्ही.”

घरी नातीने पेढ्याला शाम्पूने दोनदा घासलं. माझ्या हातांना मात्र आईच्या हातांचा वास येत होता. ते मी दुपारपर्यंत धुतले नाहीत.