लागोसला गेली

केहिंदे गाडीतून उतरायला तयार नव्हती. ती खिडकीजवळ बसली होती, दोन्ही पाय सारखे हलत होते. शेजारच्या सीटवर तिने एक जोडी चपला ठेवल्या होत्या. तिच्या पायात होत्या तसल्याच, लाल पट्ट्यांच्या.

"ही जागा भरलीय," ती चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

"या आठवड्यात तिसऱ्यांदा!" मुफ्ताऊ ड्रायव्हर बोलातितोबाईंवर उखडला. "बाई, तुमची शाळा आहे की चाळण? सात वर्षांची पोर कुंपणावरून उडी मारते आणि तुम्ही फळ्यावर बेरजा करत बसता. मी ओळखतो म्हणून बरं. उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसली, तर लागोसच्या गर्दीत कुठे शोधणार आहात?"

इसेयिन गावचा मोटारतळ शाळेला खेटून आहे आणि कंडक्टर दिवसभर "लागोस! लागोस!" करून घसा फोडत असतात. ते ओरडले की वर्गात केहिंदेचं बूड बाकावर टिकत नाही.

तेवढ्यात तिची आई धावत आली. मागावरून तशीच उठलेली, केसांत निळ्या सुताचे धागे. अख्खा तळ तिला जुळ्यांची आई म्हणूनच ओळखतो. केहिंदेची जुळी बहीण तैवो तापाने गेली त्याला तीन महिने झाले, पण हाक कोण बदलणार?

"या, जुळ्यांच्या आई," म्हणत भजीवालीने चवळीच्या भज्यांच्या दोन पुड्या पुढे केल्या. आईने सवयीने दोन्ही घेतल्या.

"तिला आता सांगून टाका," बाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"खरं काय ते."

"सांगितलंय की. तैवो लागोसला गेली म्हणून."

बाईंनी कपाळाला हात लावला. जुळ्यातलं एक दगावलं तर इकडे कुणी 'मेलं' म्हणत नाही, 'लागोसला गेलं' म्हणतात. मेलं म्हटलेलं मागे राहिलेल्या दुसऱ्याच्या कानावर पडतं आणि तेही निघतं, असं सगळे मानतात. लागोसला गेलं म्हणजे काय, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त केहिंदेला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

"अहो, तुम्हाला त्याचा अर्थ कळतो. तिला नकाशातलं लागोस कळतं. मला विचारत होती, तिथे किती शाळा आहेत म्हणून."

"सासूबाई म्हणतात, तो शब्द काढलास तर हीसुद्धा जाईल. माझ्याकडे आता एकच उरलीय, बाई. तुमच्या पुस्तकातलं शहाणपण तुमच्यापाशीच ठेवा."

बाईही इथल्याच. तीन महिन्यांत तो शब्द त्यांच्याही जिभेवर आला नव्हता, आणि याचा त्यांना मनातून स्वतःचाच राग येत होता.

मुफ्ताऊने हॉर्न दाबला. "काय ते लवकर ठरवा. या दोन सीटा सोडल्या तर माझी गाडी भरलीय."

आई आत चढली. "केहिंदे, उतर. चल घरी."

"नाही. तैवो चपला विसरलीय."

"तिला तिथे दुसऱ्या मिळतील."

"मग फोन का नाही करत?"

आता केहिंदेच आईची समजूत घालू लागली. "आई, तूच सांगतेस ना? तुझ्या पोटात होतो तेव्हा मी तैवोला पुढे पाठवलं, जग कसं आहे बघून ये म्हणून. तिने बाहेर जाऊन रडून सांगितलं, मग मी आले. आतापण तसंच. ती आधी जाते, मग मी जाते. या वेळी तिची हाक ऐकू नाही आली, म्हणून माझी मीच निघाले."

आईच्या मुठीत भज्यांची पुडी चुरगळली. तीन महिने तिने ओठ शिवून घेतले होते ते नेमकं हेच टाळायला. आणि पोर तर चपला घेऊन निघालीसुद्धा होती.

"तैवो लागोसला नाही," ती म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा झाला. गाडीतली माणसं वळून बघू लागली. "ती मेली, बाळा. ताप आला होता ना, त्याच तापाने मेली. घरामागे केळीपाशी पुरलंय आम्ही तिला."

मागच्या बाकावरच्या म्हातारीने अमंगळ टळावं म्हणून डोक्याभोवती हात फिरवून घाईघाईने चुटकी वाजवली. मुफ्ताऊने इंजिन बंद केलं. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी दांडी घट्ट धरली.

केहिंदेचे पाय हलायचे थांबले. आता हिला काही होतंय की काय, या धास्तीने आईने पोरीचं मनगट पकडलं. मनगट गरम होतं, नाडी नीट चालली होती.

"म्हणजे मला न सांगता ती फिरायला नाही गेली?" केहिंदेने विचारलं.

"नाही गं."

"मी तिच्या चपला घातल्या म्हणून भांडलो होतो. त्याच्यावरून रुसून पण नाही?"

"नाही. अजिबात नाही."

केहिंदेने शेजारच्या सीटवरच्या चपला उचलल्या आणि मांडीवर घेतल्या.

"बस ना आई," ती म्हणाली. "ही जागा रिकामी आहे."