टाचेखालची डबी

नणंद-भावजयींनी किनाऱ्यावरचं प्लास्टिक वेचून, धुऊन, वितळवून क्रीमच्या डब्या बनवल्या. पहिल्या खेपेला तडे गेले, तेव्हा क्रीमच्या कंपनीतल्या खरेदीवाल्या बाई फटकन म्हणाल्या होत्या, "कचरा तो कचराच!"

आज शेवटची संधी. बाई शेडमध्ये आल्या, त्यांनी नवी डबी जमिनीवर ठेवली आणि सँडलची उंच टाच झाकणावर जोरात हाणली.

काडकन आवाज झाला. भावजयीने डोळे गच्च मिटले. संपलं सगळं.

"वहिनी, अगं बघ तरी!" नणंद ओरडली.

डबीवर साधा ओरखडाही नव्हता. बाई मात्र भिंतीला धरून एका पायावर उभ्या होत्या.

"ऑर्डर पक्की," तुटलेली टाच पुढे करत त्या म्हणाल्या, "आणि आता ही पण तुम्हीच बनवून द्या."