काळ्या-तांबड्याचा सिद्धान्त

खुर्च्या गोठ्यापासून लांब मांड, असं डॉ. सुदर्शन बोऱ्हाडे यांनी गोठ्याच्या मालकाला, गेणूला सकाळपासून किती वेळा बजावलं असेल, कोण जाणे. गेणू मान डोलवायचा आणि खुर्ची पुन्हा सावलीला, म्हणजे गोठ्याजवळच नेऊन ठेवायचा. या लोकांना सावली कळते, बाकी काही कळत नाही, असं सर मनाशी म्हणाले. अशी वाक्यं त्यांच्या मनात तयारच असत.

तासाभरात परदेशी भूशास्त्रज्ञ माळशेजचे कडे पाहून थेट इथे, डिंगोरे गावात उतरणार होते. त्यांना सरांचा बोअर, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून काढलेला खडकांचा नमुना पटला, तर त्याचं नाव जगभरच्या ग्रंथांत जाणार आणि संस्थेचं संचालकपद सरांच्या पदरात पडणार. नाही पटला, तर आयुष्यभर मांडलेला सिद्धान्त केराच्या टोपलीत. मधली वाट त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. विरोधकांना भर सभेत अडाणी म्हणून झालं होतं.

सिद्धान्त तसा सोपा. इथले डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थर, एकावर एक. उद्रेक झाला की काळा खडक. मग ज्वालामुखी गप्प बसला की त्याच खडकाचा वरचा भाग कुजून तांबडा थर. बाकीचे अभ्यासक म्हणत, उद्रेकांना काही ताळतंत्र नव्हतं. कधी लागोपाठ, कधी युगानुयुगं काहीच नाही. सर म्हणत, ताळतंत्र होतं. एक उद्रेक, एक विश्रांती, पुन्हा एक उद्रेक, अगदी शिस्तीत. अडचण एकच होती. पुरावा नव्हता.

तो डिंगोऱ्याने दिला. गेल्या उन्हाळ्यात गेणूच्या रानात यंत्र लावून खोलवरचे खडक लाटण्यासारख्या लांबट, गोल तुकड्यांत वर काढले आणि निघाले त्या क्रमाने लाकडी पेट्यांत भरले. तेवढ्यात पाऊस लागला, सरांना परदेशात परिषद होती, म्हणून पेट्या न तपासताच गेणूच्या गोठ्यात रचून ठेवल्या. तुकड्यांवर रंगाने आकडे घालू का, असं त्यांची विद्यार्थिनी स्नेहल विचारत होती. रंगाने रासायनिक तपासणी बिघडते, एवढंही कळत नसेल तर शिवणकाम शीक, असं सर तिला मजुरांसमोर म्हणाले. गेणूची बायको साळुबाई तिथंच उभी होती. तिलाही त्यांनी दटावलं, की एक तुकडा जरी कमी झाला तरी बघून घेईन. ती बिचारी पुढे किती दिवस या दगडी लाटण्यांच्या धाकात होती.

दिवाळीनंतर सरांनी पेट्या उघडल्या. काळा, तांबडा, काळा, तांबडा. पहिल्या पेटीपासून शेवटच्या पेटीपर्यंत. सरांचे डोळे चक्क भरून आले. आपण बरोबर होतो याचा आनंद त्यांना झालाच, पण बाकीचे सगळे चुकले याचा त्याहून जास्त झाला.

स्नेहलने तेव्हाही तोंड उघडलंच.

"सर, शेजारशेजारच्या तुकड्यांची मोडलेली टोकं एकमेकांना जुळत नाहीत."

"यंत्रात टोकं झिजतात, बाई. हे संशोधन आहे, पोरांचा खेळ नाही."

शोधनिबंध छापून आला, तेव्हा त्यात तिचं नाव नव्हतं. आज तिला आणलं होतं ते फक्त पाहुण्यांना गावकऱ्यांचं बोलणं समजावून सांगायला.

पाहुणे आले. पेट्या अंगणात ओळीने मांडल्या होत्या. कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी फोटो काढले. त्यांच्यातल्या प्रमुख, एक पांढऱ्या केसांच्या जर्मन बाई, पेटीमागून पेटी पाहत गेल्या. एवढी शिस्त आपण जगात कुठे पाहिली नाही, असं त्या शेवटी म्हणाल्या. सरांची छाती फुगली. बाईंनी दोन तुकडे उचलले, टोकाला टोक लावून बराच वेळ पाहिलं आणि परत ठेवले. भारावल्या बिचाऱ्या, असं सरांना वाटलं.

मग बाईंनी विचारलं, पावसाळाभर या पेट्या कुणी सांभाळल्या. त्या व्यक्तीला आपल्याला भेटायचं आहे, तिचा सत्कार व्हायला हवा.

सरांनी नाक मुरडलं. सत्काराला आणलेली शाल आता गोठा झाडणाऱ्या बाईच्या खांद्यावर जाणार होती. पण प्रमुखांची इच्छा. त्यांनी साळुबाईला पुढे बोलावलं, शाल घातली, वर नारळही दिला. बाईंनी आपुलकीने तिचा हात धरला आणि एवढं सगळं नीट कसं ठेवलंत, असं विचारलं. स्नेहलने ते मराठीत सांगितलं.

साळुबाईने सरांकडे भीत भीत पाहिलं.

"सांग, सांग," सर उदारपणे म्हणाले. "काय केलंस ते सगळं सांग. घाबरू नकोस."

साळुबाईने पदर सावरला. तिची भीड जरा चेपली.

"नीट म्हंजे काय, बाई, पोळ्याला आमचा शर्यतीचा बैल वाजंत्र्याला बिथरला आन् शिरला गोठ्यात. समद्या पेट्या उपड्या. सायेब रागावतील म्हनून म्या आन् शेजारची कुशाबाई दोन दिस बसलो, एकूनएक लाटणं फडक्यानं पुसून परत भरलं. एक बी हरवू दिलं न्हाई. आन् आधी लई येड्यावानी भरली व्हती वो, एका पेटीत समदं काळंच, दुसरीत तांबडंच तांबडं. म्या म्हनलं, भरायचीच हायेत तर जरा बरी दिसाया नगं का? मग लावली आमी, एक काळं, एक तांबडं."