विल्फचा शेवटचा केक

मेलेल्या सोबत्याचं पार्सल परत धाडायचं नाही, सगळ्यांनी वाटून खायचं, अशी खंदकातली रीत होती. विल्फ लढाईत पडल्यावर त्याच्या आईचा केक आला, पण तो इतका कडक, की त्याचा सोबती नॉर्म यानं तो हलणाऱ्या चुलीखाली टेकू म्हणून लावला.

युद्ध संपल्यावर नॉर्म वॉगा गावी विल्फच्या आईला भेटायला गेला.

"केक पोचेपर्यंत माझा विल्फ गेला होता ना रे? मग कुणी खाल्ला?"

तिचं मन मोडणं नॉर्मच्या जिवावर आलं. "आम्हीच, मिसेस टॅरंट! शेवटच्या तुकड्यासाठी तर मारामारी झाली."



ती हसत हसत डोळे पुसू लागली. "माझ्या केकबद्दल विल्फही असंच धडधडीत खोटं बोलायचा. बरं झालं बाबा, तिथं त्याच्याजवळ तुझ्यासारखं घरचंच कुणीतरी होतं."