त्रिवेणीचं रीळ

गुरुवारी सकाळी दौलतरावांनी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तेव्हा बायकोचं, त्रिवेणीचं, मासे धरायचं रीळ आत नाही हे कळलं.

"ते गंजकं? मागच्या आठवड्यात भंगारवाल्याला दिलं की, मामा," सून प्रियदर्शिनी म्हणाली.

भंगारातली बरी वस्तू दर गुरुवारी भरणाऱ्या जुम्मेरात बाजारात येते. दौलतराव काचीगुड्याहून रिक्षानं तिथं गेले, एकेक पथारी बघत फिरले. रीळ सापडलं, पण दुसऱ्याच्या हातात. चाळिशीतला माणूस, नाव कौस्तुभ. मासे धरायची जुनी रिळं जमवायला सिकंदराबादहून यायचा.

"हे माझ्या बायकोचं आहे," दौलतराव म्हणाले. "ती गेली."

कौस्तुभनं रीळ उलटं करून बघितलं. "टोपण धातूचं, मागं अंगठ्यानं दाबायचं बटण. जुनं आहे, चांगलं आहे. पण अशी पुष्कळ निघाली, काका. तुमचंच कशावरून?"

"आत सगळ्यात खाली लाल दोरा आहे. शिवणमशीनचा. नुसती नायलॉनची दोरी फिरकीवर घसरते म्हणून ती आधी दोरा गुंडाळायची."

"मग बघू. लाल दोरा निघाला तर तुमचं. नाही निघाला तर मी घेणार. कबूल?"

"कबूल."

"लेना है तो लेव साब, नक्को तो रख देव," पथारीवाला म्हणाला.

कौस्तुभनं टोपण फिरवून काढलं आणि थांबला.

"मी कितीतरी उघडलीत. आत नुसता गुंता असतो. इथं एक वळसा दुसऱ्यावर चढलेला नाही. बसून भरलंय कुणीतरी."

तळ्याच्या कडेला त्रिवेणी तशीच बसायची, जिभेचं टोक दातांत धरून. दौलतरावांकडं फक्त दोरीचा डबा धरायचं काम असायचं.

कौस्तुभ दोरी ओढू लागला. वळसे सुटून दौलतरावांच्या पायाशी पडत गेले. दोरी इतकी वर्षं गुंडाळलेली, की सुटली तरी सरळ होत नव्हती. फिरकीवरचा थर पातळ झाला. लाल काही दिसेना.

दौलतरावांनी फिरकीवर तळहात ठेवला.

"बस."

"थोडंच उरलंय, काका. एकदा दिसलं की वाद मिटला."

"तवर तिनं भरलेलं सगळं निघून जाईल."

"मग तुमचं कसं म्हणायचं?"

दौलतरावांनी हात काढला नाही.

"ठरलं होतं आपलं," कौस्तुभ म्हणाला.

"ठरलं होतं."

पथारीवाला दोघांकडं बघत राहिला. कौस्तुभनं खाली पडलेल्या दोरीकडं पाहिलं, मग फिरकीवरच्या त्या हाताकडं. त्यानं रीळ सोडलं. टोपण दौलतरावांच्या सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"घट्ट फिरवू नका. आटे झिजलेत," म्हणाला, आणि पुढच्या पथारीकडं वळला.

पथारीवाल्याला पैसे देऊन आणलेलं रीळ आता दौलतरावांच्या उशाशी आहे. सुटलेली दोरी त्यांनी परत भरली नाही, जुन्या वर्तमानपत्रात ठेवली आहे. खाली लाल दोरा आहे की नाही, ते बघायचं राहिलं आहे.